नोकऱ्या दोन गावी. घर कोठे मांडावे?

लग्न ठरविताना आपल्याकडे पुष्कळ गोष्टी विचारल्या जातात. मुलाचा पगार किती, मुलीची नोकरी कायम की कंत्राटी, शेत किती, घर स्वतःचे की भाड्याचे. हल्ली तर कर्जाचे हप्ते किती, हेही विचारतात. मात्र दोघेही नोकरी करणारे असतील आणि त्या नोकऱ्या दोन गावी असतील, तर लग्नानंतर राहायचे कोठे, हा प्रश्न बहुधा कोणी काढीत नाही. ‘पुढचे पुढे बघू’ असे म्हणून अक्षता पडतात. मग वर्ष-दोन वर्षांनी तो प्रश्न माझ्यासारख्या डॉक्टरच्या टेबलावर येतो. तो घराचा प्रश्न म्हणून येत नाही. कंबरदुखी, पित्त, वाढलेला रक्तदाब, लघवीची वारंवार होणारी जळजळ, नाही तर ‘झोपच पुरत नाही’ अशी तक्रार होऊन येतो.

मे-जून हे बदल्यांचे, शाळाप्रवेशाचे आणि भाड्याची घरे बदलण्याचे दिवस. म्हणून आजच्या सदरात औषधांविषयी न लिहिता, घर कोठे करावे याविषयी आरोग्याच्या बाजूने चार गोष्टी सांगणार आहे.

मी कराड येथे गेली अठ्ठावीस वर्षे व्यवसाय करीत आहे. पुणे-बंगळूर महामार्ग येथून जातो, चिपळूणकडचा आणि विट्याकडचा रस्ता येथेच फुटतो. त्यामुळे सकाळी सहाला स्टँडवर गेले, तर एकाच घरातला नवरा साताऱ्याच्या गाडीत आणि बायको पाटणच्या गाडीत, हे दृश्य रोजचे आहे. आमच्या घरीही हेच होते. यजमान पाटबंधारे खात्यात होते, त्यांची दर तीन-चार वर्षांनी बदली होई. आणि दवाखाना काही पेटीत भरून नेता येत नाही. त्यामुळे या विषयातले थोडे पुस्तकातले आणि थोडे अंगावरचे, असे दोन्ही ज्ञान मजपाशी आहे.

जुना विरह, नवा प्रश्न

नवरा-बायकोने दोन गावी राहणे आपल्या सातारा जिल्ह्याला नवे नाही. मुंबईच्या कापड गिरण्या आणि गोदीतील माथाडीचे काम यांवर जावळी, पाटणच्या कित्येक घरांच्या चुली पेटल्या. नवरा मुंबईत गाळ्यात दहा-पंधरा जणांबरोबर राही, खानावळीत जेवी आणि गणपतीला वा यात्रेला गावी येई. बायको शेत, गुरे, सासू-सासरे सांभाळी. त्या काळी घर कोठे, हा प्रश्नच नव्हता. घर गावी होते आणि मनिऑर्डर मुंबईहून येत होती.

आजचा प्रश्न निराळा आहे. आज दोघेही पगार आणतात आणि दोघांनाही आपले ठिकाण सोडता येत नाही. तरीही निर्णय मात्र जुन्याच पद्धतीने होतो: सून नांदायला येते ते सासरी, म्हणजे घर नवऱ्याच्या गावी. त्यावर कोणी फारच समंजस असेल तर म्हणतो, ‘दोघांच्या मध्यावर राहू.’ या दोन्ही वाटांचा हिशेब कागदावर मांडलेला मी क्वचितच पाहिला आहे. तो आज मांडू.

एका जोडप्याचा हिशेब

हे उदाहरण मी त्या दोघांच्या संमतीने देत आहे. बाई पाटणच्या पुढे डोंगरातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. यजमान साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. मुलगी चार वर्षांची, आणि घरी त्यांच्या सासूबाई. कोणा एकावरच अन्याय नको, या चांगल्या हेतूने त्यांनी मध्यावर, म्हणजे कराडला, घर केले होते.

बाई माझ्याकडे आल्या, त्या सहा महिन्यांत तिसऱ्यांदा झालेल्या लघवीच्या जंतुसंसर्गासाठी. मी विचारले, “बाई, दिवसभरात पाणी किती पिता?”

“मॅडम, खरे सांगू? सकाळी चहा होतो तेवढाच. वडापमध्ये बसल्यावर मध्येच कुठे थांबता येत नाही. स्टँडवरच्या मुतारीत पाय ठेववत नाही. म्हणून घरी येईपर्यंत पाणी टाळतेच.”

पुढच्या आठवड्यात यजमानांना तपासले. वय अडतीस, रक्तदाब १५०/९६. निरनिराळ्या दिवशी तीनदा मोजला, तीनदाही तसाच. रात्री साडेअकराला झोपायचे आणि पहाटे पाचला उठायचे. महिन्यापूर्वी मोटारसायकलवर उंब्रजजवळ क्षणभर डोळा लागला आणि गाडी डांबर सोडून खाली उतरली होती. कोपर सोलवटण्यावर निभावले. हे त्यांनी घरी सांगितलेच नव्हते. माझ्यासमोर बाईंनी ते पहिल्यांदा ऐकले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

मी दोघांना कागद दिला आणि दारापासून दारापर्यंत लागणारा वेळ लिहायला सांगितला. किलोमीटर नव्हे, वेळ. घरातून स्टँडपर्यंत, स्टँडवर वाट पाहणे, गाडी, पुढचे वडाप किंवा रिक्षा, सगळे धरून. रेल्वेने जाणाऱ्यांनीही तसेच करावे. कराडचे स्टेशन ओगलेवाडीला आणि साताऱ्याचे माहुलीला, म्हणजे दोन्ही गावांबाहेर आहे, हे वेळापत्रकात दिसत नाही. त्यांनी लिहिलेले आकडे असे होते:

घर साताऱ्यात असेल तर यजमानांना जाऊन-येऊन ४० मिनिटे, बाईंना साडेपाच तास. एकूण ६ तास १० मिनिटे.

घर कराडला असेल तर यजमानांना ३ तास, बाईंना ३ तास. एकूण ६ तास.

घर पाटणला असेल तर यजमानांना ४ तास २० मिनिटे, बाईंना १ तास २० मिनिटे. एकूण ५ तास ४० मिनिटे.

तिन्ही बेरजा पाहून दोघेही चकित झाले. यात नवल मात्र काही नाही. दोन नोकऱ्या एका रस्त्याच्या दोन टोकांना आहेत. त्या रस्त्यावर घर कोठेही सरकवले, तरी रस्त्याची लांबी तीच राहते. घर बदलल्याने प्रवास कमी होत नाही. तो कोणाच्या अंगावर किती पडावा, एवढेच आपण ठरवीत असतो. म्हणून ‘कोणते गाव चांगले’ हा पहिला प्रश्न नव्हे. ‘हे सहा तास कोणाच्या शरीराला सोसतील’ हा पहिला प्रश्न आहे.

प्रवास शरीराला काय करतो

प्रवासात आपण बसलेलेच तर असतो, मग त्याने आजार कसा होईल, असे पुष्कळांना वाटते. त्याचे उत्तर दिवसाच्या चोवीस तासांत आहे. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी. नोकरीचे नऊ तास धरा, आंघोळ-जेवणाचे दोन धरा, घरकाम आणि मुलांचे तीन धरा. उरतात तीन तास. ज्याचा प्रवास तीन तासांच्या वर जातो, त्याला ते जास्तीचे तास कोठून तरी काढावेच लागतात. माझा अनुभव असा, की आधी व्यायाम जातो, मग सकाळची न्याहारी जाते आणि शेवटी झोप जाते.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात सुमारे ४,३०० नोकरदारांचा अभ्यास झाला आणि तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. कामाचे ठिकाण जितके लांब, तितका व्यायाम कमी, पोटाचा घेर जास्त आणि रक्तदाब वाढलेला असण्याची शक्यता जास्त, असे त्यात आढळले. तेथे लोक स्वतःच्या मोटारीने जातात. आपल्याकडे त्यात उभ्याने प्रवास, धूळ आणि खड्डे यांची भर पडते, ती वेगळी.

झोपेची उधारी सर्वांत धोक्याची. सतरा-अठरा तास सलग जागा असलेला माणूस गाडी चालवितो, तेव्हा त्याची प्रतिक्रिया थोडी दारू प्यायलेल्या माणसासारखी मंद झालेली असते, हे प्रयोगांनी दाखविले आहे. चहा घेऊन किंवा तंबाखू चोळून ही मंदी जात नाही. ज्यांना पाच तासांपेक्षा कमी झोप मिळते त्यांनी लांबच्या अंतराला स्वतः दुचाकी चालवू नये; एस.टी.ने जावे. गाडीत डुलकी लागली तरी चालविणारा दुसरा असतो.

स्त्रियांचे दुखणे आणखी निराळे. पाणी न पिणे आणि लघवी तासन्‌तास धरून ठेवणे यांमुळे जंतुसंसर्ग होतो, मूतखड्याची शक्यता वाढते. त्यात डबा सर्वांचा भरायचा आणि स्वतः उपाशी निघायचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. तेव्हा प्रवास करणाऱ्या प्रत्येक बाईने वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्यावा. लघवी तीन-चार तासांपेक्षा जास्त धरू नये. शाळेत पोहोचल्यावर दोन पेले आणि शाळा सुटण्याच्या दोन तास आधी दोन पेले पाणी प्यावे आणि निघण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

मध्यावरचे घर

मध्यावर राहणे दिसायला न्याय्य दिसते. प्रत्येकाला सारखाच प्रवास. पण घरात फक्त दोन माणसे असतील तरच तो न्याय पुरा होतो. घरात लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल, तर मध्यावरच्या घराचा अर्थ असा होतो, की दिवसभर दोघांपैकी कोणीही जवळ नाही. आमच्या या जोडप्याच्या मुलीला दुपारी ताप चढला, की आई दीड तासावर आणि वडीलही दीड तासावर. अडुसष्ट वर्षांच्या आजी दुखऱ्या गुडघ्यांनी तिला उचलून रिक्षापर्यंत आणीत.

दुसरी गोष्ट अशी, की प्रवास सारखा वाटला तरी घरकाम सारखे वाटलेले नसते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार आपल्या देशात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ८८ मिनिटे. म्हणजे दोघेही तीन-तीन तास प्रवास करून सात वाजता घरी आले, तर एकाचा दिवस संपलेला असतो आणि दुसरीची पाळी सुरू होते. प्रवास समान ठेवायचा असेल तर भाकरी आणि भांडीही समान वाटून घ्यावी लागतील. ते जमणार नसेल तर घर तिच्या नोकरीजवळ करावे. हे स्त्रीदाक्षिण्य म्हणून सांगत नाही. जिचा दिवस घरी आल्यावर आणखी चार तास चालणार आहे, तिचा रस्त्यावरचा वेळ वाचविणे हे साधे शरीरशास्त्र आहे.

उलटही असू शकते. नवरा मधुमेही आहे, इन्सुलिन घेतो, पाळीची नोकरी आहे. बायकोचे कार्यालय पाच दिवसांचे आहे आणि घरी सासूबाई स्वयंपाक पाहतात. तेथे घर नवऱ्याच्या कामाजवळ हवे. म्हणून नियम नवऱ्याचा किंवा बायकोचा नको. मी जोडप्यांना तीन प्रश्न विचारते:

१. दोघांपैकी कोणाची वेळ अजिबात हलत नाही? पाळी, शाळेची घंटा, रुग्णालयाची ड्यूटी ही न हलणारी वेळ.

२. दोघांपैकी कोणाची प्रकृती आज नाजूक आहे? रक्तदाब, मधुमेह, मणक्याचे दुखणे, गर्भारपण हे सर्व यात आले.

३. मूल किंवा म्हातारे माणूस अचानक आजारी पडले, तर अर्ध्या तासात घरी कोण पोहोचेल, आणि तेथून दवाखाना किती लांब आहे?

तिन्ही उत्तरे एकाच माणसाकडे बोट दाखवीत असतील, तर घर त्याच्या कामाजवळ करावे. दुसऱ्याने प्रवास सोसावा आणि पहिल्याने त्या बदल्यात घराचा जास्त भार उचलावा. असा उघड व्यवहार झाला की मनात आढी राहत नाही.

आमच्या जोडप्याने घर पाटणला नेले. पण यजमानांनी रोज चार तास वीस मिनिटे प्रवास करणे मला डॉक्टर म्हणून मान्य नव्हते. मार्ग असा निघाला, की आठवड्यातून दोन रात्री ते साताऱ्यात एका सहकाऱ्याच्या खोलीवर मुक्काम करतात. एक मुक्काम म्हणजे एक पूर्ण फेरी वाचते. सहा फेऱ्यांचे २६ तास होत होते, ते चार फेऱ्यांचे सतरा-साडेसतरा झाले. मोटारसायकल बंद, एस.टी. सुरू. रोज एक गोळी, मीठ कमी आणि साडेसहा-सात तास झोप, यांवर सहा महिन्यांनी रक्तदाब १३०/८४ आला. बाईंना जंतुसंसर्ग पुन्हा झालेला नाही. हे फुकट मात्र मिळालेले नाही. मोठे रुग्णालय आता लांब पडते, मुलीसाठी त्यांच्या मनात असलेली शाळा सोडावी लागली, आणि दोन रात्री मुलगी ‘बाबा कधी येणार’ म्हणून झोपत नाही. प्रत्येक जागेची किंमत असते. ती माहीत असून मोजली तर जड जात नाही.

दोन चुली मांडाव्या लागल्या तर

अंतर इतके असते, की रोजचा प्रवास शक्यच नसतो. एक कोल्हापूरला आणि एक मुंबईला. तेथे दोन बिऱ्हाडे करावी लागतात. त्यात कमीपणा काही नाही. रोज पाच तास रस्त्यावर घालविण्यापेक्षा आठवड्याची ताटातूट शरीराला पुष्कळदा बरी जाते. मात्र काही पथ्ये पाळावी.

पहिले पथ्य, एकट्या राहणाऱ्याने स्वयंपाक शिकावा. वरण, भात, एक भाजी आणि उकडलेले अंडे एवढे आले तरी पुरे. रोजची खानावळ, संध्याकाळची भजी आणि रात्रीची ‘थोडीशी’ यांनी चाळिशीच्या आत साखर आणि चरबी वाढलेले कित्येक नवरे मी पाहिले आहेत.

दुसरे, नियमित औषधे दोन्ही घरी ठेवावीत. ‘गोळ्या तिकडे राहिल्या’ हे वाक्य मी दर सोमवारी ऐकते. रक्तदाबाची गोळी तीन दिवस चुकणे ही लहान गोष्ट नव्हे.

तिसरे, माणसाचा आजार बहुधा आधी त्याच्या जोडीदाराला दिसतो. मोठ्याने घोरता घोरता श्वास थांबणे, रात्री चार-चार वेळा लघवीला उठणे, तहान वाढणे, कारण नसता वजन उतरणे, या गोष्टी एकट्याच्या खोलीत कोणाच्या लक्षात येत नाहीत. म्हणून दोन ठिकाणी राहणाऱ्या जोडप्यांनी तिशीनंतर दरवर्षी रक्तदाब, रक्तातील साखर आणि वजन तपासावे, आणि शेजारच्या एका विश्वासाच्या माणसाकडे घरचा फोन नंबर देऊन ठेवावा. तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे, तो सर्वांना पाठ हवा.

चौथे, रविवार कामांनी भरून टाकू नये. सहा दिवसांची बिले, गिरणी, बाजार, सासरची मंडळी, मुलांचा अभ्यास हे सगळे एका दिवसात कोंबले, की दुपारपर्यंत भांडण ठरलेले. अर्धा रविवार कामाला आणि अर्धा एकमेकांना, असे ठरवून घ्यावे. स्वीडनमधील उमेओ विद्यापीठाच्या २०११ सालच्या अभ्यासात लांबचा प्रवास करून नोकरी करणाऱ्या जोडप्यांत विभक्त होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ४० टक्के अधिक आढळले, आणि पहिली काही वर्षे सर्वांत कठीण असतात, असेही दिसले. म्हणजे सुरुवातीच्या काळातच एकमेकांना जास्त जपायला हवे.

एकटेपणाने जीव नकोसा वाटू लागला, रडू आवरेनासे झाले, झोप उडाली, तर ते मनाचे दुबळेपण समजू नये. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. तेथे आपल्या भाषेत बोलता येते.

‘मूल होत नाही’ म्हणून येणाऱ्यांसाठी

हा मुद्दा नाजूक आहे, पण लिहिणे भाग आहे. लग्नाला दोन वर्षे झाली, मूल नाही, म्हणून सासू सुनेला घेऊन येते. हातात हजारो रुपयांच्या तपासण्यांची फाइल असते. मी विचारते, “दोघे एकत्र किती दिवस असता?” उत्तर येते, “हे महिन्यातून दोनदा येतात.”

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर साधारण १२ ते २४ तासच फळण्याजोगे असते. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकते. म्हणजे महिन्यातले सहाच दिवस उपयोगाचे. पाळी नियमित अठ्ठावीस दिवसांची असेल तर ते साधारण दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या आसपास येतात. नवऱ्याची सुट्टी नेमकी त्या दिवसांबाहेर पडत असेल, तर दोघांत कोणताही दोष नसता वर्षे निघून जातात. वंध्यत्व म्हणजे वर्षभर नियमित संबंध असूनही गर्भ न राहणे. जे एकत्र राहिलेच नाहीत त्यांना तो शब्द लावू नये, आणि सुनेला टोमणे तर मुळीच मारू नयेत. आधी त्या दिवसांत सलग रजा जुळवावी. पत्नीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल किंवा पाळी अनियमित असेल, तर मात्र न थांबता तज्ज्ञांना भेटावे.

गर्भारपण आणि तान्हे मूल

गर्भारपण निर्धोक असेल तर बसच्या प्रवासाने गर्भ पडतो, हा समज खरा नाही. पहिल्या तीन महिन्यांतील बरेचसे गर्भपात गर्भातच मुळात दोष असल्यामुळे होतात; त्यासाठी बाईने स्वतःच्या नोकरीला दोष देऊ नये. परंतु रक्तस्राव, पोटात दुखणे, वाढलेला रक्तदाब, वार खाली असणे किंवा जुळे असणे यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लांबचा प्रवास करू नये. शेवटचे दोन महिने तरी बाळंतपण जेथे होणार त्या रुग्णालयाच्या जवळ मुक्काम असावा, मग घर कोठेही असो.

बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध हवे. प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने, दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ती रजा कोठे काढायची, हे आधी ठरवावे. रजेनंतर कामावर जाणाऱ्या आईने काढून ठेवलेले दूध फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चालते. बाहेर ते चार तासांपर्यंत राहते, पण आपल्या उन्हाळ्यात त्याहून लवकर वापरावे.

बदली आणि कायदा

जिल्हा परिषद शिक्षकांच्या २०१७ च्या आणि नंतर २०२१ च्या बदली धोरणात ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा संवर्ग आहे. दोघांच्या नेमणुकांत ३० किलोमीटरपेक्षा अधिक अंतर असेल तर त्यातून अर्ज करता येतो. जोडीदार खासगी कारखान्यात असेल तर मात्र याचा लाभ मिळत नाही. अर्जापूर्वी त्या वर्षीचे आदेश नीट वाचावेत. केंद्र सरकारनेही नवरा-बायकोला शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे अशा सूचना १९८६ साली दिल्या आणि २००९ साली त्या एकत्र करून अधिक ठाम केल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले, की हव्या त्या जागी बदली हा कर्मचाऱ्याचा हक्क नव्हे, तरी सरकारने धोरण आखताना कौटुंबिक जीवनाचा विचार केला पाहिजे. तेव्हा अर्ज करावा. एकदा नाकारला गेला तरी पुन्हा करावा. आजारपणाची कागदपत्रे जपून ठेवावीत, ती अशा वेळी उपयोगी पडतात.

घर नवऱ्याच्याच गावी हवे, असा कायदा आहे असे पुष्कळांना वाटते. १९७८ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. पत्नी पंजाबातील सुनाम येथे सरकारी शाळेत मुख्याध्यापिका, पती दिल्लीला. लग्नापूर्वी कोठे राहायचे हे ठरलेच नव्हते. पत्नीने नोकरी सोडून आपल्याकडे यावे, अशी पतीची मागणी होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही. घर कोठे असावे हे ठरविण्याचा अधिकार एकट्या नवऱ्याचा नाही, दोघांनी देवाणघेवाणीने आणि समजुतीने ते ठरवायचे असते, असा त्या निकालाचा आशय आहे.

निर्णय पुन्हा तपासावा

घराचा निर्णय औषधाच्या मात्रेसारखा आहे. आज जी मात्रा लागू पडते, ती तीन वर्षांनी पडेलच असे नाही. मूल होणे, मुलाची शाळा बदलणे, आई-वडिलांचे आजारपण, पाळी किंवा बदली, यांपैकी काहीही झाले की तोच कागद पुन्हा काढावा आणि वेळेची बेरीज पुन्हा मांडावी. बेरीज बहुधा तीच येईल. कोणाच्या वाट्याला किती, हे मात्र बदलावे लागेल. ज्याने तीन वर्षे प्रवास सोसला, त्याला आता विसावा देता येतो का, हेही त्या वेळी पाहावे.

आणि ज्यांच्या घरी यंदा लग्न ठरायचे आहे, त्या आई-वडिलांना एक विनंती. बघण्याच्या कार्यक्रमात मुलाला आणि मुलीला अर्धा तास वेगळे बसू द्या, आणि त्यांना सांगा, की आवडी-निवडी नंतर विचारा. आधी दोघांच्या नोकऱ्यांमधला रस्ता किती तासांचा आहे आणि तो कोणी कसा चालायचा, एवढे बोलून घ्या.

(पुढील आठवड्यात: पावसाळ्यातील पाणी आणि पोटाचे विकार)